बंदुकीच्या नळीचें मुख : कालनिर्णयाचें एक साधन

ऐतिहासिक घराण्यांच्या संग्रहांत कागदपत्रांच्या रुमालांबरोबर जुनीं हत्यारेंही आढळतात, हें संशोधकांस विदित आहेच. तरवार, पट्टा, कट्यार, भाला यांविषयीं आपल्याकडे बरेंच लिहिलें गेलें आहे. बंदुकीच्या वांट्यास मात्र तितका आदर आलेला नाहीं. संग्रहाची टिपणें करितांना ‘एक जुनी बंदूक, लांबी अमुक’ एवढें लिहून टिपणकार पुढें जातो. आणि ती कोणत्या काळची असें विचारलें असतां घरांतील वडील माणसें जें सांगतील तेंच नोंदून घेतलें जातें. कागदाच्या बाबतींत आपण इतके उदार नसतों. तेथें मोडीचें वळण, मायना, शिक्का, कागदाचा पोत, तिथिवारांचा मेळ, इतक्या कसोट्यांस उतरल्यावांचून कोणतेंही पत्र अस्सल म्हणून आपण स्वीकारीत नाहीं. कै. राजवाडे यांनीं अस्सल साधनांचा जो आग्रह धरिला, तो कागदापुरता मर्यादित राहावा असें कोणासही वाटणार नाहीं. बंदुकीलाही तिच्या कसोट्या आहेत. त्यांपैकीं एकीचा, म्हणजे नळीच्या मुखाचा, प्रस्तुत लेखांत विचार करावयाचा आहे.

हा विचार कोठल्या मुलुखांत उपस्थित झाला तें प्रथम सांगितलें पाहिजे. रहिमतपूर हें सातारा जिल्ह्याच्या कोरेगांव तालुक्यांतील, कमंडलू नदीच्या कांठचें जुनें पेठेचें गांव. विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याची म्हणून दाखविली जाणारी कबर व मशीद या गांवच्या गतवैभवाच्या खुणा अद्यापि उभ्या आहेत. जवळच औंध आहे. तेथें श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ सालीं स्थापिलेलें वस्तुसंग्रहालय प्रसिद्धच आहे. पश्चिमेस सातारा. अशा टापूंत प्रत्येक जुन्या वाड्यांत शस्त्राची एखादी तरी कथा असावयाचीच. त्यांतून सत्तावन सालचें स्मरण येथें विशेष जागृत आहे. ८ सप्टेंबर १८५७ रोजीं साताऱ्यास गेंडामाळावर रंगो बापूजींच्या कटांतील म्हणून सतरा जणांस देहान्त शिक्षा झाली. त्यांत रंगो बापूजींचा पुत्र सीताराम हाही होता. त्याच सालीं प्रजेचीं शस्त्रें काढून घेण्याविषयीं कायदा झाला, १८६० सालीं दुसरा झाला, आणि १८७८ सालीं परवान्यावांचून बंदूक बाळगूं न देणारा हत्यारांचा कायदा सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू झाला. या घडामोडींमुळें ‘सत्तावन सालीं भिंतींत चिणून ठेविलेली बंदूक’ ही कथा या बाजूस वारंवार ऐकूं येते. शस्त्रें लपविलीं गेलीं यांत संशय घेण्याचें कारण नाहीं. परंतु जिच्याकडे बोट दाखवून ही कथा सांगितली जाते, ती बंदूक सत्तावन सालीं जन्मास तरी आली होती काय, हा प्रश्न विचारणें संशोधकाचें कर्तव्य आहे. त्याचें उत्तर पुष्कळ वेळां नळीच्या शेवटच्या दोनतीन इंचांत मिळतें.

प्रथम बंदुकीचे प्रकार थोडक्यांत सांगतों. बार पेटविण्याच्या रीतीवरून जुन्या बंदुकांचे तीन वर्ग पडतात. पहिली तोड्याची बंदूक. हिचा चाप दाबला असतां पेटती जामगी रंजकावर येते. दुसरी चकमकीची, हींत गार पोलादावर आपटून ठिणगी पडते. तिसरी टोपीची, हींत तांब्याच्या लहानशा टोपींतील स्फोटक द्रव्यावर घोडा आपटतो. हे तिन्ही प्रकार ठासणीचे, म्हणजे दारू, गोळी अगर छरे, आणि त्यांवरील बोळा हें सर्व मुखांतून घालून गजानें ठासावयाचें. चौथा वर्ग काडतुसाच्या बंदुकीचा. ही बुडाशीं उघडते. फ्रान्समध्यें लफोशे यानें १८३५ च्या सुमारास मोडून उघडणारी काडतुसाची बंदूक बनविली. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत ती इंग्रज कारागिरांच्या दृष्टीस पडली. आणि त्यानंतरच्या दहापंधरा वर्षांत इंग्लंडांतील शिकारी लोकांनीं ठासणीची बंदूक हळूहळू टाकून दिली. हा क्रम ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे.

आतां मुखाकडे वळूं. संग्रहांत आढळणाऱ्या बिनआट्यांच्या, म्हणजे आंतून गुळगुळीत नळीच्या बंदुकांचीं मुखें चार प्रकारचीं असतात.

पहिला प्रकार सरळ मुखाचा. नळी बुडापासून टोंकापर्यंत एकाच व्यासाची. ठासणीच्या बहुतेक सर्व बंदुका या जातीच्या आहेत.

दुसरा प्रकार बाहेरून फुगीर, परंतु आंतून सरळ अशा मुखाचा. आपल्या देशी तोड्याच्या बंदुकांत हा विपुल आहे. नळीच्या टोंकास कमळाच्या कळीसारखा, वाघाच्या मुखासारखा किंवा नुसताच कंगणीसारखा उठाव दिलेला असतो. क्वचित् त्यावर सोन्यारुप्याची कोफ्तगारीही असते. हा केवळ अलंकार, अथवा नळीच्या टोंकास बळकटी देण्याचा उपाय होय. बाहेरचा फुगीरपणा पाहून आंतील व्यासाविषयीं कांहींही अनुमान करूं नये.

तिसरा प्रकार पसरट मुखाचा, कर्ण्यासारखा. आखूड नळीच्या व उघड्या तोंडाच्या या बंदुकांस उत्तरेकडे शेरबच्चा म्हणत. इंग्रजांच्या गलबतांवर व टपालगाड्यांवरही त्या असत. तोंड पसरट म्हणून छरे अधिक पसरतात असा समज सर्वत्र रूढ आहे. परंतु प्रयोगान्तीं असें दिसून आलें आहे कीं, छऱ्यांच्या पसरण्यावर या कर्ण्याचा परिणाम नाममात्र होतो. त्याचा खरा उपयोग हालत्या गाडींत अगर डोलत्या गलबतावर दारू व छरे आंत ओतणें सुलभ व्हावें हा, आणि समोरच्याच्या मनांत धाक उत्पन्न व्हावा हा.

चौथा प्रकार आमच्या विषयाचा गाभा आहे. हींत नळी बहुतेक लांबीपर्यंत सरळ असून मुखाजवळच्या दोनतीन इंचांत आंतून किंचित् निमुळती झालेली असते. शिकारी लोक यास ‘चोक’ म्हणतात. आम्ही यास मुखसंकोच म्हणूं. हा संकोच केसाएवढा असतो. बाहेरून पाहणाऱ्यास तो मुळींच दिसत नाहीं. आणि म्हणूनच त्याची ओळख करून घेणें अवश्य आहे.

या संकोचाचें प्रयोजन असें. काडतुसांतील छरे दारूच्या जोरानें निघतात तेव्हां त्यांचा एक दाट थवा असतो. सरळ मुखांतून बाहेर पडतांच मागील बोळा व दारूचा वायु यांचा धक्का त्या थव्यास बसून तो फांकूं लागतो. मुख संकुचित असेल तर थवा आंतल्या बाजूस दाबला जाऊन लांबट होतो, बोळा थोडा मागें राहतो, आणि छरे अधिक अंतरापर्यंत एकत्र जातात. याचें मोजमाप करण्याची रीत ठरलेली आहे. ४० यार्डांवर, म्हणजे सुमारें ३७ मीटरांवर, कागदाच्या फळ्यावर बार उडवावा; जेथें छरे दाट पडले असतील तेथें ३० इंच व्यासाचें वर्तुळ काढावें; आणि काडतुसांतील एकंदर छऱ्यांपैकीं शेंकडा किती त्यांत पडले तें मोजावें. सरळ मुखाच्या नळीचे शेंकडा ४० च्या सुमारास पडतात. अल्पसंकोचाचे, ज्यास ‘इंप्रूव्ह्ड सिलिंडर’ म्हणतात, सुमारें ५०. अर्धसंकोचाचे, म्हणजे इंग्रजांच्या ‘हाफ’ व अमेरिकनांच्या ‘मॉडिफाइड’ चोकाचे, सुमारें ६०. पूर्णसंकोचाचे, म्हणजे ‘फुल’ चोकाचे, सुमारें ७०. इंचांत मोजलें तर अल्पसंकोच सुमारें ०.०१०, अर्धसंकोच ०.०२०, आणि पूर्णसंकोच ०.०३५ ते ०.०४० इतकाच असतो. पूर्णसंकोच म्हणजेही पुरता एक मिलिमीटर! एवढ्याशा फरकानें छऱ्यांच्या थव्याचें वर्तन पालटतें, हें कारागिरांच्या ध्यानांत येण्यास फार काळ लागला यांत नवल नाहीं.

हा काळ नेमका कोणता? इंग्लंडांत न्यूकॅसल येथील पेप नांवाच्या बंदूक-कारागिरानें १८६६ सालीं घेतलेल्या पेटंटांत मुखसंकोचाचा उल्लेख आहे. अमेरिकेंत रोपर यानें १४ जुलै १८६८ रोजीं, नळीच्या टोंकावर आट्यांनीं बसवावयाच्या व काढून घेतां येणाऱ्या संकुचित मुखाचें पेटंट घेतलें. इलिनॉय प्रांतांतील किंबल नांवाच्या नामांकित बदक-शिकाऱ्यानें ही युक्ति त्याच सुमारास आपणास स्वतंत्रपणें सुचली असें पुढें सांगितलें, आणि पुष्कळ अमेरिकनांनीं तें खरें मानलें. परंतु त्याच्या बाजूनें स्मरण आहे व इतरांच्या बाजूनें तारखेचे कागद आहेत. तेव्हां अग्रमान कोणास द्यावा हें या नियतकालिकाच्या वाचकांस सांगावयास नको. युक्तीची सुधारणा करून ती सर्वत्र रूढ केली बर्मिंगहॅमच्या ग्रीनर यानें. १८७५ सालीं ‘द फील्ड’ या लंडनच्या पत्रानें बंदुकांच्या ज्या चांचण्या घेतल्या, त्यांत त्याच्या संकुचित मुखाच्या बंदुकांनीं सरळ मुखाच्या बंदुकांवर मात केली. तेथपासून मुखसंकोचाचा बोलबाला झाला.

काडतुसाच्या पाठोपाठच हा शोध पुढें यावा, यास कारण आहे. ठासणीच्या बंदुकींत बोळा मुखांतून घालावा लागतो. मुख अरुंद असेल तर त्यांतून जाणारा बोळा आंतील रुंद नळींत सैल पडतो. दारू व छरे यांच्यामध्यें तो घट्ट बसत नाहीं, आणि बार फुकट जातो. काडतूस बुडाकडून भरूं लागल्यावर ही अडचण नाहींशी झाली. सारांश, मुखसंकोच हा काडतुसाच्या बंदुकीचा सहचर आहे. जी बंदूक अठराव्या शतकांतील किंवा सत्तावन सालची म्हणून दाखविली जाते, तिच्या नळीस जर मापानें सिद्ध होणारा असा संकोच असेल, तर ती कथा व ती नळी यांचा मेळ बसत नाहीं असें समजावें.

यावर कोणी म्हणेल कीं, केसाएवढें अंतर मोजण्याचीं साधनें खेड्यांतील संग्राहकाजवळ कोठून असणार? त्याच्या सोईसाठीं इंग्रजांच्या कायद्यानें एक लेखच नळीवर कोरून ठेविला आहे. विलायतेंत प्रत्येक नळी विक्रीपूर्वीं परीक्षागृहांत जादा दारू भरून तपासली जाई, व तिच्यावर ठसे उमटविले जात. लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या संघास १६३७ सालीं सनद मिळाली. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ सालच्या कायद्यानें स्थापन झालें. हे ठसे नळ्या लांकडापासून उतरवल्यावर बुडाच्या खालच्या सपाट भागावर दिसतात. १८७५ च्या नियमांनुसार संकुचित मुखाच्या नळीवर ‘नॉट फॉर बॉल’, म्हणजे ‘गोळीसाठीं नव्हे’, असे शब्द ठोकूं लागले. नळीच्या मापाची गोळी अरुंद मुखांत अडकून नळी फुटण्याचा धोका होता, म्हणून ही सूचना. १८८७ च्या नियमांनीं हे शब्द जाऊन त्यांच्या जागीं ‘चोक’ हा एकच शब्द आला. म्हणजे ‘नॉट फॉर बॉल’ हा ठसा असलेली विलायती नळी १८७५ ते १८८७ या बारा वर्षांतील, आणि ‘चोक’ हा ठसा असलेली १८८७ नंतरची. शिक्क्यावरून सनदेचें साल ठरविणाऱ्यांस यापेक्षां सोपा पुरावा कोणता मिळणार? बेल्जममधील लीज येथूनही पुष्कळ बंदुका या देशांत आल्या. त्यांच्यावर त्याच अर्थाचे ‘नों पूर बाल’ हे फ्रेंच शब्द कधीं कधीं सांपडतात.

१८७५ नंतरच्या नळ्यांवर याहूनही उपयुक्त असे दोन आंकडे असतात. समजा एका नळीवर ‘१२ बी’ व त्याखालीं ‘१४ एम’ असें आहे. ‘बी’ म्हणजे नळीचें अंग व ‘एम’ म्हणजे मुख. बारा बोअर याचा मूळ अर्थ असा कीं, त्या नळींत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचें वजन एक पौंड व्हावें. आपल्या मापानें प्रत्येक गोळी सुमारें सव्वातीन तोळ्यांची. म्हणून बोअरचा आंकडा वाढला कीं व्यास कमी होतो. बारा बोअरचा व्यास ०.७२९ इंच, तेराचा ०.७१०, चौदाचा ०.६९३. तेव्हां ‘१२ बी, १३ एम’ म्हणजे सुमारें ०.०१९ इंचांचा, म्हणजे अर्धसंकोच. आणि ‘१२ बी, १४ एम’ म्हणजे ०.०३६ इंचांचा, म्हणजे पूर्णसंकोच. कॅलिपर हातीं न धरितां, नुसत्या ठशांच्या वाचनानें, नळीचा प्रकार व काळ दोन्ही निष्पन्न होतात.

रहिमतपूर येथील एका घराण्याच्या संग्रहांतील दुनळीवर हीच कसोटी लागू पडली. घराण्याचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं. ही बंदूक सत्तावन सालीं देवघराच्या भिंतींत चिणली होती व पुढें बाहेर काढली, असें तीन पिढ्या सांगितलें जात होतें. नळ्या ३० इंच, पिळाच्या लोखंडाच्या, बूड उघडतें. लांकूड उतरवून पाहतां उजव्या नळीवर परीक्षागृहाचे ठसे व ‘१२’ एवढेंच, आणि डाव्या नळीवर ‘१२ बी, १४ एम’ व ‘नॉट फॉर बॉल’. म्हणजे उजवी सरळ, डावी पूर्णसंकोचाची. शिकारी दुनळींत अशीच योजना सामान्यतः असते. पहिला बार जवळच्या पाखरावर मोकळ्या नळीनें, दुसरा दूर गेलेल्यावर आवळ नळीनें. घडण १८७५ ते १८८७ मधली, हें निर्विवाद. त्याच घरच्या रुमालांत १८७८ च्या कायद्याप्रमाणें दिलेल्या परवान्याचा एक कागद आहे, त्यांत ‘दुनळी’ हा शब्द स्पष्ट आहे. ठसा व कागद एकमेकांस पुष्टि देतात.

घरधन्यांस प्रथम खेद वाटला, हें स्वाभाविक आहे. परंतु नीट विचार केला असतां या निर्णयानें त्या घराण्याच्या इतिहासांत कांहीं उणें न होतां एका प्रश्नाची भर पडली आहे. सत्तावनच्या स्मरणाचा अभिमान बाळगणाऱ्या घरास पुढें वीसपंचवीस वर्षांनीं विलायती दुनळी बाळगण्याचा सरकारी परवाना मिळतो, याचा अर्थ काय? या मधल्या काळांत सरकाराशीं समेट झाला काय? वतनाच्या किंवा पाटिलकीच्या संबंधानें कांहीं चाकरी घडली काय? का चिणलेली बंदूक दुसरीच, ठासणीची होती, आणि तिची कथा तेवढी नव्या बंदुकीस येऊन चिकटली? हे प्रश्न त्या घराण्याच्या व मामलेदार कचेरीच्या कागदांतून सोडवितां येण्यासारखे आहेत. दंतकथा जशीच्या तशी स्वीकारली असती तर ते उपस्थितच झाले नसते. खोट्या काळाची वस्तु खऱ्या कागदाशेजारीं ठेविली म्हणजे कागदाविषयींही शंका उत्पन्न होते, ही हानि निराळीच.

या कसोटीचा उपयोग करितांना कांहीं ठिकाणीं सावध राहिलें पाहिजे.

एक, ठसा नाहीं म्हणून संकोच नाहीं असें नव्हे, आणि संकोच नाहीं म्हणून नळी जुनी असेंही नव्हे. काडतुसाच्या पुष्कळ बंदुका जाणूनबुजून सरळ मुखाच्या करीत. शिवाय मूळचा संकोच मागाहून कातून काढलेला असूं शकतो.

दुसरें, नळीचें टोंक कापलेलें असूं शकतें. मुख दबलें, चीर गेली किंवा बंदूक लांब वाटली म्हणजे गांवचा कारागीर दोनचार इंच कापून टाकी. त्याबरोबर संकोचही जाई. दुनळींत हें ओळखण्याची खूण अशी: मूळच्या दोन नळ्या मुखाशीं एकमेकींस जवळजवळ टेंकलेल्या असतात, कापल्यावर त्यांमध्यें फट दिसते, ती शिशानें अगर डाकानें बुजविलेली असते.

तिसरें, मुख अरुंद म्हणून नळी छऱ्यांचीच असेंही नेहमीं नाहीं. फॉसबेरी नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें, ज्यास १८६३ सालच्या वायव्य सरहद्दीवरील अंबेला मोहिमेंत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता, १८८५ सालीं असें पेटंट घेतलें कीं मुखाच्या संकोचांतच आंतून आटे पाडावे. म्हणजे एकाच नळींतून छरेही जातील व गोळीही नेमकी जाईल. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड यांनीं ‘पॅरॅडॉक्स’ या नांवानें अशा बंदुका विकल्या, व त्या हिंदुस्थानांतील शिकाऱ्यांस फार पसंत पडल्या. अशा नळीचें मुख प्रकाशाकडे धरून पाहिलें असतां शेवटच्या इंचादोनइंचांत पीळ दिसतो. उरलेली नळी गुळगुळीत असते.

चौथें, मुखाच्या आंत बारीक आटे व त्यांत बसविलेली आखूड नळी दिसली तर ती आधुनिक समजावी. काढघाल करतां येणाऱ्या संकुचित मुखाची कल्पना रोपरच्या १८६८ च्या पेटंटाइतकी जुनी असली, तरी नळीच्या आंत आट्यांनीं बसविण्याच्या आखूड मुखनळ्या अमेरिकेंत विंचेस्टर कंपनीनें १९६०–७० च्या दशकांत प्रचारांत आणल्या, व नंतर त्या सर्वत्र झाल्या. एकाच बंदुकीबरोबर अशा तीनचार किंवा पांच मुखनळ्या मिळतात, आणि चावीनें फिरवून हवी ती बसवितां येते. त्यांच्या कडेवर ओळखीसाठीं खांचा पाडलेल्या असतात. येथें नवख्याची फसगत होते, कारण क्रम उलटा आहे: एक खांच म्हणजे पूर्णसंकोच, दोन म्हणजे पाऊणसंकोच, तीन म्हणजे अर्धसंकोच, चार म्हणजे अल्पसंकोच, आणि पांच म्हणजे सरळ मुख. खांचा जितक्या कमी, तितकें मुख अधिक आवळ. कांहीं कारखाने खांचांऐवजीं त्याच क्रमानें तारे उमटवितात. जुन्या विलायती बंदुकीस अशी मुखनळी आढळली तर तो अलीकडील फेरफार होय, व टिपणांत तसा उल्लेख केला पाहिजे.

पांचवें, नाणें मुखांत घालून तें आंत जातें कीं नाहीं यावरून संकोच ठरविण्याची रीत शिकारी लोकांत आहे. बोअर, कारखाना व नाण्याची झीज यांप्रमाणें ती चुकते; कालनिर्णयास तिचा उपयोग करूं नये.

मापें घेणें शक्य असेल तर तीं दोन ठिकाणीं घ्यावीं: एक बुडापासून नऊ इंचांवर, कारण इंग्रज परीक्षागृहें अंगाचें माप तेथेंच घेत, दुसरें मुखाच्या आंत, जेथें व्यास सर्वांत कमी भरेल तेथें. यासाठीं आंतून मोजण्याचा कॅलिपर परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडे असतो. त्याच्याकडूनच माप करवून घेणें श्रेयस्कर.

शेवटीं दोन गोष्टींची सूचना आवश्यक वाटते. पहिली सुरक्षिततेची. ठासणीच्या जुन्या बंदुकींत कोणे एके काळीं भरलेला बार तसाच राहिलेला पुष्कळ वेळां आढळला आहे, व दारू शंभर वर्षांनींही पेट घेऊं शकते. म्हणून मुख तोंडासमोर धरण्यापूर्वीं गज नळींत सोडावा, मुखापाशीं त्यावर खूण करावी, आणि तोच गज बाहेरून नळीशेजारीं धरून पाहावा. तो रंजकाच्या छिद्रापर्यंत पोहोंचत नसेल तर आंत कांहीं आहे असें समजून बंदूक तज्ज्ञाकडे द्यावी. पिळाच्या लोखंडाच्या जुन्या नळ्यांतून आधुनिक काडतूस कधींही उडवूं नये. नळी फुटून हात गेल्याचीं उदाहरणें सर्व देशांत आहेत. दुसरी सूचना कायद्याची. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमांत जुन्या पद्धतीच्या, पुरावस्तु म्हणून मोलाच्या अगर मोडक्या हत्यारांस सूट आहे. परंतु तीं दुरुस्तीनेंही बंदूक म्हणून चालण्याजोगीं नसावीं, ही अट आहे. काडतुसाची चालू दुनळी कितीही जुनी असली तरी तिला परवाना लागतोच. शेताच्या रक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची तरतूद त्याच कायद्यांत आहे. त्यामुळें एखाद्या घरांत ठासणीची बंदूक आढळली म्हणजे ती पेशवाईंतीलच असें समजण्याचेंही कारण नाहीं. ती गेल्या पिढींतील, रानडुकरें हाकण्यासाठीं घेतलेली असूं शकेल.

बंदूक घांसूनपुसून लखलखीत करण्याची हौस हा या साधनाचा मोठा शत्रु आहे. कांचकागदानें नळी घांसली म्हणजे गंजाबरोबर ठसेही जातात. ठसा पुसलेली नळी ही शिक्का फाडलेल्या सनदेसारखी होय. गंज चढूं नये म्हणून हलकें तेल लावावें, याहून अधिक कांहीं करूं नये.

तरी संग्राहकांस आमची अशी विनंति आहे कीं, यापुढें घराण्यांच्या संग्रहांचीं टिपणें पाठवितांना प्रत्येक बंदुकीसंबंधीं पुढील गोष्टी नोंदाव्या: ती तोड्याची, चकमकीची, टोपीची कीं काडतुसाची, नळ्या किती व त्यांची लांबी, मुखाचें बाह्यरूप व आंतील रूप वेगवेगळें, दुनळी असल्यास मुखाशीं फट आहे कीं नाहीं, बुडाखालील सर्व ठसे, अक्षरें व आंकडे जसेच्या तसे, अर्थ कळो वा न कळो, शक्य तर अंगाचें व मुखाचें माप, आणि त्या घरांतील परवाने, पावत्या, यादी यांत तिचा उल्लेख असल्यास त्याची नक्कल. घरांत सांगितली जाणारी कथाही अवश्य लिहावी, मात्र ती वेगळ्या रकान्यांत. रहिमतपूर, कोरेगांव, औंध व साताऱ्याच्या टापूंतील दहावीस बंदुकांचीं अशीं टिपणें जमलीं, तर १८७८ च्या कायद्यानंतर या भागांत कोणाजवळ कोणतीं शस्त्रें राहिलीं, व कोणाचीं गेलीं, याचा पट कागदांच्या साह्यानें मांडतां येईल. तो अद्यापि कोणीं मांडलेला आमच्या पाहण्यांत नाहीं.